अस्वलाच्या गाडीचे अस्तर

बालमित्रांनो, साग आणि पळस दाटीने वाढलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. अंगाने दांडगे, मनाने सरळ, पण त्याची एक खोड होती. कोणी काही सांगितले की ते त्याला लगेच पटे, आणि दुसऱ्याने नेमके उलटे सांगितले की तेही पटे. या अस्वलाने एकदा नवीकोरी निळी पिकअप गाडी घेतली. तिचा मागचा हौदा असा चकचकीत होता की अस्वलाला त्यात स्वतःचे नाक दिसे.

गाडी दारात उभी राहिली आणि पाठोपाठ तळ्यावरचा बगळा आला. तो म्हणाला, "अस्वलदादा, तळ्याच्या बांधाला तडा गेलाय. पाणी झिरपायला लागलंय. खाणीतले दगड आणून टाकले तर बांध टिकेल. दगड वाहील अशी दणकट गाडी अख्ख्या जंगलात तुमचीच."

"आणतो की! त्यात काय एवढं?" अस्वल म्हणाले. पण बगळा उडून गेल्यावर त्याने हौद्याकडे पाहिले. या गुळगुळीत रंगावर दगड? ओरखडे पडतील, मग गंज चढेल! आधी हौद्याला आतून चांगले अस्तर बसवू, मग दगड आणू, असे ठरवून ते माकडाच्या दुकानात गेले.

माकडाने कडक प्लास्टिकचे तयार अस्तर पुढे केले. "डोळे झाकून हेच घ्या, दादा. हौद्यात ठेवलं की बसलं! मी यातूनच जांभळं वाहतो. कितीही रस सांडला तरी पाण्याने एकदा धुतलं की स्वच्छ." अस्वलाला ते पटले. अस्तर घेऊन ते निघाले, तोच वाटेत मासे वाहणाऱ्या टेम्पोतून पाणमांजराने हाक मारली. "अहो दादा, हे काय घेतलंत? याच्या खाली पाणी साचतं आणि वरून काही दिसत नाही. आतल्या आत पत्रा सडतो. माझ्या टेम्पोला बघा, काळा लेप फवारून घेतलाय. पत्र्याला असा चिकटलाय की थेंबभर पाणी खाली जात नाही."

अस्वलाला हेही पटले. ते परत फिरले, प्लास्टिकचे अस्तर माकडाला दिले आणि लेप मागितला. माकड म्हणाले, "देतो की. पण लेप वाळेपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. आणि एकदा बसला की तो निघत नाही, बरं का!" तेवढ्यात मडकी विकणारी सायाळ दुकानात आली. ती म्हणाली, "लेप कसला लावताय, भाऊ? पातळच तो! वस्तू आपटली की आपटलीच. जाड रबराची चटई अंथरा. माझी मडकी खड्ड्यांतून जातात, पण जागची हलत नाहीत." त्यावर माकड हळूच म्हणाले, "चटई चांगली, पण जड फार. आणि तिच्याखालीही ओल राहते. अधूनमधून काढून वाळवावी लागते."

आता मात्र अस्वलाचे डोके गरगरायला लागले. तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. मग तिघांचे खरे कसे? ते काहीच न घेता घरी आले आणि मोकळ्या हौद्यात बसून डोके खाजवू लागले. प्लास्टिक म्हटले की गंज आठवे, लेप म्हटले की तो निघत नाही हे आठवे, आणि चटई म्हटले की तिचे वजन. एकदा तर त्याला वाटले, तिन्ही एकावर एक घालावीत! मग वाटले, छे, काहीच नको, गाडी झाकूनच ठेवावी.

बगळा पुन्हा आला. "दादा, तडा रुंदावलाय. बांधाखाली सशांची बिळं आहेत."

"उद्या नक्की येतो," अस्वल म्हणाले. "फक्त अस्तराचं एकदा ठरू दे."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी बांधाचा एक कोपरा खचला. पाण्याचा लोंढा गवताळ उतारावरून धावला आणि सशांची आरडाओरड थेट अस्वलाच्या घरापर्यंत पोहोचली. अस्वल ताडकन उठले. अस्तर, लेप, चटई सगळे विसरून त्याने गाडी काढली. आधी सशीण आणि तिची भिजलेली पिल्ले हौद्यात घेऊन त्याने उंचावर सोडली. मग ते खाणीकडे सुटले. पहिला दगड उघड्या पत्र्यावर धाडकन आदळला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. पण खेपांमागून खेपा होत गेल्या, तसे त्या आवाजाकडे त्याचे लक्षही जाईना.

दिवस मावळायच्या आत बांधाचे तोंड बुजले. पण अर्धे तळे वाहून गेले होते आणि सशांची बिळे चिखलाने भरली होती. सशीण पिल्लांना जवळ घेऊन बसली होती. अस्वलाकडे न बघताच ती म्हणाली, "दादा, हेच दगड कालच आणले असतेत, तर माझं घर राहिलं असतं हो." अस्वलाने मान खाली घातली आणि आपल्या लांब नखांनी उंचावरच्या कोरड्या जमिनीत सशांसाठी नवे बीळ उकरायला सुरुवात केली. पिल्ले आत शिरून निजली, तेव्हाच ते घरी गेले.

सकाळी त्याने हौदा झाडायला घेतला. जिथे दगड टाकले होते तिथे पोचे आले होते. तिथून मागच्या फाळक्यापर्यंत लांबच लांब ओरखडे गेले होते, कारण चढावर दगड मागे घसरत होते. ओल मात्र कुठेच नव्हती. अस्वलाने त्या खुणांवरून पंजा फिरवला. मग ते स्वतःशीच म्हणाले, "मी ना जांभळं वाहतो, ना मासे. मला दगड वाहायचेत, तेही चढावरून. मार झेलेल आणि दगड घसरू देणार नाही असंच काहीतरी मला हवं." ते माकडाकडे गेले आणि जाड रबराची चटई घेऊन आले. वाटेत पाणमांजराने पुन्हा लेपाचे गुण सांगितले. अस्वलाने ते नीट ऐकून घेतले, "तुमच्या माशांना तोच बरा," असे म्हटले आणि गाडी सरळ खाणीकडे नेली. बांध आणखी उंच करायचा होता.

पुढे एका रानडुकराने नवी गाडी घेतली. ते अस्वलाकडे आले आणि म्हणाले, "अस्वलदादा, सांगा बरं, हौद्याला सगळ्यांत चांगलं अस्तर कोणतं?"

"तुम्ही गाडीतून काय वाहणार?" अस्वलाने विचारले.

रानडुक्कर गोंधळले. "ते अजून ठरवलं नाही."

"मग दुकानात जायची घाई करू नका," अस्वल म्हणाले.

तात्पर्य : आपल्याला काय करायचे आहे हे ज्याला ठाऊक नसते, त्याला प्रत्येकाचा सल्ला खरा वाटतो आणि त्याच्या गोंधळाची किंमत मात्र दुसऱ्याला मोजावी लागते.