बिनफाटकाचे खांब

तळ्याच्या तोंडाशी ते दोन दगडी खांब दिसतात ना, पाहुणे? त्यांना फाटक नाही. बसवलं होतं म्हणे एकदा, चांगलं लोखंडी, वर सोनेरी टोकं काढलेलं. पण आप्पांची पहिली पुण्यतिथी काही त्याला सोसली नाही. या, सावलीत बसा, सांगतो.

हे तळं धोंडीआप्पांचं. आप्पा या माळाचे आमदार, पण त्याआधी मेंढपाळ. थोरल्या दुष्काळात त्यांची मेंढरं याच जागी पाण्यावाचून तडफडून मेली. तेव्हा आप्पांनी बिरोबाची शपथ घेतली, असं सांगतात. इथं पाणी आणीन, आणि इथली मेंढरं प्याल्याशिवाय त्या पाण्याला तोंड लावणार नाही. आमदार झाल्यावर त्यांनी तळं खोदून घेतलं. कधीही आले की काठावर उभे राहायचे. शेवटचं कोकरू पिऊन वळलं की मगच ओंजळ भरायची.

आप्पा गेले. मग हयातभर ज्यांनी त्यांना पाण्यात पाहिलं, त्यांनाच त्यांचा पुळका आला. काठावर पुतळा उभारला, तळ्याभोवती कुंपण घातलं, फुलझाडं लावली आणि फाटकाला कुलूप ठोकलं. मेंढरं फुलझाडं खातात म्हणे! खाणारच की, मेंढरंच ती.

ठकूबाई मेटकरी ही आप्पांच्या बरोबरीनं मेंढरं राखलेली म्हातारी. कुलूप लागल्यापासून ती कळप लांबच्या ओढ्यावर न्यायची. तो ओढाही आटला. गाभण मेंढ्या वाटेतच बसायला लागल्या. आज पाणी मिळालं नाही तर कळप हातचा जातो, हे तिला कळून चुकलं. पुण्यतिथीच्या सकाळी ती धुवट लुगडं नेसली, कपाळाला भंडारा लावला आणि कळप घेऊन थेट कार्यक्रमाला निघाली.

फाटकावर शिपायानं काठी आडवी धरली. "ए म्हातारे, कुठं निघालीस? आत मंत्री आलेत."

"आल्यात तर येऊ द्यात की. आमी आप्पाला भेटाय आलोय."

"तू जा. मेंढरं बाहेर ठेव."

"अन् मग भेटायचं कुणी? ह्येच त्येचं गणगोत."

आत मंत्रिमहोदय तळ्याच्या पाण्याची चांदीची कळशी घेऊन पुतळ्याला स्नान घालायला निघालेले. गजांतून ते पाहिलं आणि ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओरडली, "थांब रं बाबा! माझी मेंढरं तहानल्याली हायती. आप्पाच्या तोंडाला पाणी लावू नगंस! जित्यापणी त्येनं शपथ मोडली न्हाई, आन् मेल्यावर तू मोडाय लावतोस व्हय?"

शपथ अख्ख्या माळाला ठाऊक होती. मंडपात जाजमावर बसलेल्या मेंढपाळांच्या माना शरमेनं खाली गेल्या, असं सांगतात. मग मागचा एक उठला, त्याच्यामागं दुसरा, आणि बघता बघता जाजम रिकामं. मंत्री म्हणतायत, बसून घ्या, बसून घ्या. कोण ऐकतंय! गड्यांनी खांदे लावून फाटक बिजागरीतून उचललं आणि कुलपासकट आडवं टाकलं. शिपायानं काठी उगारली तशी ठकूबाई पुढं झाली. "मार. आप्पा बघतोय." काठी हवेतच राहिली.

कळप पडलेल्या फाटकावरून खडखडत आत गेला. जाता जाता हारांचे झेंडू खाल्ले आणि पोटभर पाणी प्याला. मंत्री कळशी धरून उन्हात उभे. शेवटची मेंढी वळली तेव्हा ठकूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "घाल आता." पाणी पडायच्या आधीच पुतळ्याच्या ओठांवर ओल दिसली म्हणे. खरं-खोटं बिरोबाला ठाऊक, पण नाही म्हणणाऱ्याला या माळावर कुणी जेवायला वाढत नाही.

फाटक पुन्हा बसवायला सरकारी माणसं आली होती. माळावरचा एक गवंडी की एक लोहार त्यांना मिळाला असेल तर शपथ.

आजही पुण्यतिथीला मेंढरं आधी आत जातात. ती पिऊन होईपर्यंत मंडपात कुणाला घोटभर पाणी मिळत नाही, मग पाहुणा केवढा का मोठा असेना. गेल्या वर्षी एका साहेबांनी गुपचूप बाटली उघडली. ठकूबाईची नातसून शेजारीच उभी होती. तिनं नुसता हात पुढं केला. साहेबांनी मुकाट्यानं बाटली दिली, आणि तिनं ती सगळ्यांसमोर एका लंगड्या कोकराला पाजली.