बर्फावरच्या दोन काठ्या

मंडळी, जो पुढे दिसतो त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवाल का? फार वर्षांपूर्वी एका मेंढपाळानं हिमनदी किती सरकते ते पाहायला दोन काठ्या एका ओळीत रोवल्या; एक मधोमध, एक कड्यालगत. वर्षानं पाहतो तर मधली तीस पावलं पुढे, कडेची जेमतेम दहा.

"चुलीला एक काठी हवीय," तो म्हणाला.

"ही आळशी बाई न्या की!" मधली म्हणाली.

उपटली जाताना कडेची म्हणाली, "ताई, माझा बर्फ कड्याला घासत सरकतो, तुझा मोकळा. आपण दोघी तर नुसत्या उभ्या होतो."

मधलीला तोंड लपवायला जागा उरेना. "मालक, मला न्या," ती पुटपुटली. पण कडेची तोवर त्यानं गुडघ्यावर मोडली होती.

मंडळी, तेवढं करा, आपण किती पुढे आलो ते मांडताना पायाखालचा बर्फ हिशेबात प्रामाणिकपणे धरा.