बिनबंदाचा अंगरखा

“नव्या अंगरख्याला ठिगळ? आणि मागं ही चीर? कापड चोरलंस, म्हाताऱ्या!”

राजा भुजंगरावानं दसऱ्याचा अंगरखा केरबा शिंप्याच्या तोंडावर फेकला. बगलेत चौकोनी तुकडा, घेराला मागून चीर, छातीवर दोन पदर आणि ते बांधायला बंद. राजाला ही सगळी लबाडी वाटली.

“सरकार, तो तुकडा...” केरबा चाचरला.

“कारण विचारलं का मी? तुकडा नको, चीर नको, बंद नको! अंगाला सालीसारखा बसला पाहिजे. उद्या मिरवणुकीत एक टाका उसवला, तर तुझा अंगठा छाटीन!”

शिपायांनी केरबाला धरलं. मागं त्याची सून मैना उभी होती. राजा जन्मभर घोड्यावर बसला, पण घेराच्या चिरेमुळे बसता येतं, हे या माणसाला ठाऊक नाही! तिला कीव आली नाही, किळस आली.

“मी शिवते, सरकार,” ती म्हणाली. “तुम्ही सांगता तस्साच!”

दुसऱ्या दिवशी तिनं अंगरखा राजाच्या अंगावर चढवला आणि पुढून शिवून टाकला. राजा खांबासारखा दिसू लागला. दरबारी माना डोलवू लागले. त्यांना खांबही आवडला असता!

राजा मिशीला पीळ द्यायला गेला. हात छातीपाशीच अडला. बगल करकरली.

“हात खाली, सरकार! टाका उसवेल!”

घोडा पुढं आणला. राजानं पाय उचलला. घेर गुडघ्याला आवळला.

“पाय खाली!” मैना ओरडली. “सरकारांना घोड्यावर आडवं टाका रे, गवताच्या भाऱ्यासारखं!”

लोक तोंडात पदर कोंबून हसू लागले.

“काढ हा अंगरखा!” राजा गरजला.

“कसा काढू? बंद कुठं आहेत?”

“मुद्दाम केलंस तू! छाटा अंगठा!”

“छाटा की! पण कोणाचा, ते ठरवा आधी. माझ्या सासऱ्यानं शिवला होता, त्यात हात वर जात होता, पाय रिकिबीत पडत होता. तुकडा कोणी काढायला लावला? चीर कोणी बुजवायला लावली? बंद कोणी तोडायला सांगितले? या अंगरख्याचा शिंपी तुम्ही, सरकार! मी तर नुसती सुई!”

राजाचा चेहरा तांबडा झाला. गाल फुगले. त्यानं श्वास कोंडून धरला, पण पोटातून उसळी आलीच आणि तो खदखदून हसला. टर्र! अंगरखा मानेपासून कमरेपर्यंत उभा फाटला.

“सोडा केरबाला!” राजा डोळे पुसत म्हणाला. “आणि आजपासून माझे सगळे पोशाख ही बया बेतेल. मी मधे तोंड घालणार नाही!”

मोकळ्या झालेल्या हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं मैनेच्या ओंजळीत टाकलं.