दोन शिवांमधली वाट

इथे जरा दम खा. खिंडीत हे दोन दगड दिसतात ना, अलीकडचा आमच्या शेरवडीचा आणि पलीकडचा कुंभोशीचा. शिवेचा दगड एकच असायला हवा, हे मलाही कळतं. पण मधला तुकडा म्हणे दोन्ही गावांना नको होता, कारण तो ज्याचा, त्याने दरीकडची वाट बांधायची. एरवी वीतभर बांधासाठी डोकी फोडणारी माणसं इथे मात्र फार उदार झाली.

शेरवडीचा जागल्या म्हाळू वाटसरूंना आपल्या दगडापर्यंत सोबत करायचा. पुढे पाऊल टाकायची त्याला मनाई होती. टाकलं तर मधली वाट शेरवडीची ठरेल, ही पंचांना धास्ती. कुंभोशीच्या जागल्यालाही तीच ताकीद. मधे माणूस एकटा.

असं सांगतात, की एका नागपंचमीला म्हाळूची लेक ठकू कुंभोशीहून माहेरी निघाली. भरदिवसा धुक्याने समोरचं दिसेना. तिकडच्या जागल्याने तिला त्याच्या दगडापाशी सोडलं. इकडे म्हाळू वाट बघत उभा. मधेच वाटेची कड खचली आणि हाक आली, "आबा, हात द्या."

म्हाळूचे पाय दगडापाशी अडले. क्षणभरच, म्हणे. इतक्या वर्षांची सवय ती. मग तो धावला, पण लेक दरीत गेली होती. मला त्या क्षणाचं फार वाईट वाटतं.

तो घरी परतलाच नाही. मधल्या तुकड्यावर बसून त्याने अन्नपाणी सोडलं. दोन्हीकडचे पंच आले आणि आपापल्या दगडाशी उभे राहून विनवू लागले. म्हाळू एवढंच म्हणाला, "मी कुठल्या गावात मरतोय, ते आधी ठरवा."

मग आमच्याकडचा एक म्हातारा पंच दगड ओलांडून त्याच्याजवळ जाऊन बसला. ते पाहून कुंभोशीचेही आले. वाट दोघांची, आणि सोबत करणाऱ्याने पलीकडच्या दगडापर्यंत जायचं, अशी तिथेच आण घेतली गेली. म्हाळूने ती ऐकली आणि प्राण सोडला.

आजही वाट दोन्ही गावं मिळून बांधतात. पंचायतींचं म्हणाल, तर दोघींचं डांबर आपापल्या दगडाशी संपलंय. किती वेळा सांगायचं, आता बोलायचाही कंटाळा येतो. गुडघेही ऐकत नाहीत. पण उठा, पलीकडे येतो मी. तिकडून कोणी येईपर्यंत तुमच्याजवळ बसेन. तुम्हाला एकटं सोडून मला माघारी फिरता येत नाही.