दाराच्या मुठीखालचा ओरखडा

एकदा एका शहरात मोटारींच्या रंगाला झळाळी देणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. धुण्यापुसण्यातल्या हलगर्जीपणाने गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटतात. सावलीत ते दिसत नाहीत, उन्हात गाडी आली की सगळे उघडे पडतात. ते घालवण्यात वस्तादांचा हात धरणारा त्या शहरात कोणी नव्हता.

त्यांचे दोन शिष्य होते. थोरला दौलत, बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेला, आणि धाकटा श्रीपती, येऊन जेमतेम तीन वर्षं झालेला. श्रीपती नवीन असताना वस्ताद एकदा सहज बोलून गेले, "याचा हात हलका आहे." झालं. एवढंसं ते वाक्य दौलतच्या मनाला लागलं ते लागलंच. बारा वर्षांत आपल्याला असं कधी म्हणाले का, हे तो जेवताना आठवी आणि अंथरुणावर पडल्यावरही आठवी. मत्सर ही फार कष्टाळू वृत्ती आहे हो, तिला रविवारचीसुद्धा सुट्टी नसते.

त्या वर्षी खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, वस्ताद आपलं गॅरेज एका शिष्याच्या हाती सोपवणार होते. कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. नवमीच्या तीन दिवस आधी एका व्यापाऱ्याने आपली काळी मोटार आणून उभी केली. काळा रंग म्हणजे कारागिराची परीक्षाच, त्याच्यावर काही लपत नाही. वस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "श्रीपती, ही तू कर."

दौलतच्या अंगाचा तिळपापड झाला. गॅरेज कोणाला मिळणार ते ठरलंच म्हणायचं, असं त्याच्या मनाने घेतलं.

नवमीच्या सकाळी काम पुरं झालं. श्रीपती पूजेसाठी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला, वस्ताद अंघोळीला गेले. दौलतने हातदिवा घेतला आणि गाडीचा इंच न् इंच तपासला. काम देखणं होतं, आणि ते देखणं होतं हेच त्याला सोसवेना. शेवटी डाव्या दाराच्या मुठीखाली एक ओरखडा सापडला. केसाएवढा. दौलतला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती.

"हा मी काढतो," तो मनात म्हणाला. "मग वस्तादांसमोर सांगतो, तुमच्या हलक्या हाताचं राहिलेलं मी पुरं केलं."

त्याने रंग घासायचं मशीन लावलं. ओरखडा फिकट झाला, पण गेला नाही. त्याने जोर वाढवला. अजून थोडा, अजून थोडा. रंगाला चटका बसला, वरचा काचेसारखा थर फाटला, खालचा काळा रंगही गेला आणि रुपयाएवढा करडा प्रायमर, रंगाखालचा अस्तराचा थर, उघडा पडला.

त्याने घाईने मशीन जागेवर ठेवलं, इतक्यात दोघे परतले. श्रीपतीने तो डाग पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. गाडी त्याच्याकडे दिलेली, म्हणजे बोल त्याच्यावरच येणार. दौलत पूजेसाठी हत्यारं मांडायला लागला. वस्तादांनी डाग नीट पाहिला. कोणाला काही विचारलं नाही. पूजा झाली, हळदकुंकू वाहून झालं, तसा त्यांनी कनवटीचा किल्ल्यांचा जुडगा काढून दौलतच्या हातात ठेवला. "आजपासून गॅरेज तुझं."

श्रीपती आपली फडकी गोळा करू लागला. दौलत त्याच्याकडे पाहत राहिला. ज्याची इतकी वाट पाहिली ते हातात होतं, आणि घास काही गोड लागत नव्हता.

"वस्ताद," तो अखेर म्हणाला, "तो डाग माझ्या हातचा आहे."

"ठाऊक आहे," वस्ताद म्हणाले. "श्रीपतीने पहाटेच मला तो ओरखडा दाखवला होता. मीच म्हटलं, खोल आहे, राहू दे."

"मग किल्ल्या मला का दिल्या?"

"तुला वाटत होतं ना, या मिळाल्या की मनातलं सगळं साफ होईल. झालं का?"

दौलत तिथेच खाली बसला. वस्ताद त्याच्याजवळ येऊन बसले.

"अरे बाबा, ओरखडा कधी निघत नसतो. तो खड्डा आहे, खड्डा काय काढणार? आपण भोवतीचा चांगला रंग घासून त्याच्या पातळीला आणतो, म्हणून तो दिसेनासा होतो. उथळ असला तर ठीक, खोल असला तर सोडून द्यावा. माझं एक वाक्य तुला लागलं. मी तुझंही कौतुक करायला हवं होतं, ती चूक माझी. पण तू ते तीन वर्षं रोज घासत बसलास, आणि त्याच्या भोवतीचं चांगलं तेवढं झिजलं. या श्रीपतीला मशीन धरायला शिकवलं कोणी? तूच ना?"

दौलत उठला. त्याने जुडगा श्रीपतीपुढे धरला. "हे तू सांभाळ. तुला थांबायचं कळतं."

"दौलतदादा, अहो..."

"घे म्हणतो ना."

तेवढ्यात व्यापारी गाडी न्यायला आला. श्रीपती पुढे होणार, तोच दौलतने त्याला मागे सारलं.

"शेठ, हे दार माझ्या हातून बिघडलं. मी स्वतः रंगवून देईन. बाकी सगळं काम श्रीपतीचं आहे, आणि त्याचा हात फार चांगला आहे."

हे बोलताना आत कुठंतरी टोचलंच. पण या खेपेला त्याने ते राहू दिलं.