ओसाड गावचे बिशप

गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. बिशप म्हटला की त्याच्या नावाला एक गाव जोडावंच लागे. दिवाडी बेटावरच्या इनासियुंना रोमनं बिशप केलं खरं, पण गाव जोडलं ते दूरच्या वाळवंटातलं, कैक शतकांपूर्वी ओस पडलेलं. "तीन पडके खांब आणि पुष्कळ सरडे, एवढा माझा कारभार," असं ते स्वतःच हसत सांगत.

इथल्याच मातीतल्या माणसाच्या बोटात बिशपची अंगठी, हे पोर्तुगीज आर्चबिशप दों गाश्पारांना खुपायचं. एकदा आपल्या वाड्यात सगळ्या पाद्र्यांसमोर ते कडाडले, "तुम्ही चांगले बिशप आहात असं सांगणारा तुमच्या गावचा एक तरी माणूस आणा, नाहीतर अंगठी इथंच काढून ठेवा!"

इनासियु म्हणाले, "महाराज, माणूस कुठून आणू? पण अकरा वर्षांत तिथून माझी एकही तक्रार आलेली नाही. तुमच्या तक्रारी घेऊन आलेल्यांमधून मात्र मला आत यायलाही वाट मिळेना."

पाद्र्यांत खसखस पिकली. अंगठी बोटातच राहिली.

बाहेर ताटकळलेल्या लोकांनी त्यांची वाहवा केली, तसे इनासियु ओशाळले.

"माझं कसलं कौतुक करता? माझ्या गावात माणसं असती, तर तीही आज माझ्या दारात अशीच उभी असती."