दरबारात आणलेली भीती

"भीती वाटते, भीती वाटते, हे तासभर ऐकतोय," पर्वतरावराजे म्हणाले. "पण ती दिसते कशी? कोणी पाहिली आहे का?"

दरबारात हशा पिकला. समोर खिंडीपलीकडच्या वाडीतल्या दहा-बारा बाया उभ्या होत्या. बोलत होती ती धुरपा गवळण. या बाया दही-लोणी विकायला राजधानीत यायच्या. ज्या घरची धार आधी निघेल ती आधी निघायची, त्यामुळे वाघदऱ्याची खिंड प्रत्येकीला एकटीनेच ओलांडावी लागे. हल्ली तिथे काही टवाळ माणसं बसू लागली होती. बाई दिसली की उठायची आणि तिच्या मागे मागे चालायची. धुरपाच्या धाकट्या बहिणीने तर बाजारच सोडला होता. बायांचं मागणं एवढंच होतं, की खिंडीत एक चौकी बसवा.

"महाराज, दफ्तरात नोंदच नाही," कोतवाल म्हणाला. "कोणी हात लावला नाही, काही चोरलं नाही. म्हणजे काही घडलंच नाही."

राजांना ते पटलं. त्या खिंडीत त्यांनी शंभर वेळा शिकार केली होती आणि घाबरण्यासारखं काही कधी दिसलं नव्हतं. आपल्या मागेपुढे तेव्हा चाळीस घोडेस्वार असायचे, हे काही त्यांना आठवलं नाही.

"आठ दिवस देतो," ते धुरपाला म्हणाले. "ही तुमची भीती पकडून इथे आणून दाखव. आणलीस तर चौकी दिली. नाहीतर हे गाऱ्हाणं पुन्हा माझ्या कानावर नको."

बायांचे चेहरे उतरले. धुरपा मात्र जरा विचार करून म्हणाली, "आणते, महाराज. पण घोड्यांच्या टापा ऐकल्या की ती लपते. तलवार दिसली तरी लपते. लुगड्याची तेवढी तिला सवय आहे. तेव्हा आपण एकदा लुगडं नेसून, डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन, वाडीपासून इथवर एकट्यानं चालत यावं. मग ती दरबारात हजर करायचं माझ्याकडे लागलं."

कोतवाल तिच्या अंगावर ओरडला. पण राजे हट्टी होते आणि पैजेला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. "येतो," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी राणीसाहेबांनी त्यांना नऊवारी नेसवलं. हसता हसता त्यांच्या हातून कासोटा दोनदा सुटला. राजांनी आरशात पाहिलं आणि मिशांवरून पदर ओढून घेतला. मेण्यात बसून ते वाडीत गेले, मेणा परत पाठवला, आणि भर दुपारी मडकं डोक्यावर घेऊन निघाले.

खिंडीच्या तोंडापर्यंत ते गुणगुणत होते. मग वाट वळली, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आल्या, आणि मागे पावलं वाजली.

राजांनी वळून पाहिलं. डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेला कोणीतरी, हातात काठी. राजे हळू चालू लागले. तोही हळू झाला. राजे पायातला काटा काढायला थांबले. तोही झाडाला टेकून उभा राहिला आणि त्याने हलकेच शीळ घातली.

'असेल कोणी वाटसरू,' राजांनी स्वतःला सांगितलं. पण मग पुढे का जात नाही? ओरडावं, तर ऐकायला कोण आहे? आपण राजे आहोत असं सांगावं, तर लुगड्यातल्या राजावर विश्वास कोण ठेवणार? त्यांनी मडकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तीन वाघ मारल्याची कथा आपण दर दिवाळीला सांगतो, हे आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली, तरी पाय थांबेनात. ते भराभर चालू लागले, आणि मागची पावलंही भराभर वाजू लागली. मग राजांनी ओचा हातात धरला आणि चक्क धूम ठोकली.

ते दरबारात शिरले तेव्हा मडकं फुटलेलं होतं आणि मिशांवरून दही ओघळत होतं.

"मागे माणूस होता," राजे धापा टाकत म्हणाले.

"हात लावला त्यानं?" कोतवालाने घाबरून विचारलं.

"नाही."

"काही बोलला? काही चोरलं?"

"नाही."

"म्हणजे काही घडलंच नाही, महाराज," कोतवाल सुटकेचा श्वास टाकत म्हणाला.

परवा याच उत्तरावर आपण मान डोलावली होती, हे राजांना विसरता येईना.

तेवढ्यात दारातून धुरपा आत आली. खांद्यावर घोंगडी होती, हातात काठी. राजांचा चेहरा पडला.

"तू होतीस?"

"मीच, महाराज. मी काहीच केलं नाही, नुसती चालत होते, एक शीळ घातली तेवढीच. ते टवाळही हेच सांगतात, की वाट काय एकट्या बाईची आहे का?"

"आणि भीती? ती आणणार होतीस ना?"

"आणली की," धुरपा म्हणाली. "मला एकटीला उचलेना, म्हणून महाराजांकडूनच वाहून आणवली. ती बघा, अजून हात कापताहेत."

राजांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग राजेच आधी हसले, इतके की कासोटा पुन्हा सुटला आणि तो सावरायला दोन हुजरे धावले.

"लिहा," ते डोळे पुसत म्हणाले. "वाटेवरच्या जाळ्या उद्या तोडायच्या. खिंडीत चौकी बसवायची, आणि चौकीदार धुरपा नेमेल ते. तिच्या घरी दोन दुभत्या म्हशी पाठवा. वाघांची कथा या दिवाळीपासून बंद, त्याऐवजी मी आजची सांगेन. आणखी काही हवं तुला?"

"चौकीची जागा नीट ठरली पाहिजे, महाराज," धुरपा म्हणाली. "त्यासाठी कोतवालसाहेबांना एकदा त्या वाटेनं पाठवा. लुगडं मी देते."